तिसरी पिन

पासष्ट इंची टीव्ही आला की आमच्याकडे आधी भिंतीवरचे पूर्वज उतरतात. आजोबा बेडरूममध्ये, आजी माळ्यावर. मग साउंडबार येतो, वूफर येतो. आणि या लाखभराच्या लवाजम्याला वीज पुरवायला, सगळ्यात शेवटी, स्टेशनबाहेरच्या टपरीवरून दीडशे रुपयांचं एक्स्टेन्शन येतं. त्यावर लाल दिवा असतो. लाल दिवा म्हणजे स्पाइक गार्ड, यावर बोरिवली ते मुलुंड एकमत आहे.

खऱ्या स्पाइक गार्डच्या पोटात व्हॅरिस्टर नावाची नाण्याएवढी चकती असते. व्होल्टेजचा झटका आला की जादाची वीज ती स्वतःतून वळवते, टीव्हीपर्यंत जाऊ देत नाही. दर झटक्याला थोडी झिजते आणि एक दिवस मरते. मरताना कुणाला सांगत नाही. चकती शाबूत आहे की नाही, हे दाखवणारा वेगळा दिवा चांगल्या बोर्डावर असतो. तो विझला की बोर्ड बदलायचा. आपण काय करतो? ‘बाकी सगळं चालतंय ना?’ वॉचमन खुर्चीतच गेलाय आणि आपण रोज जाता-येता त्याला हात करतोय.

१९८२च्या एशियाडसोबत रंगीत टीव्ही आला, तेव्हा त्याच्याखाली काट्याचा स्टॅबिलायझर असे आणि त्यावर आईने विणलेलं कव्हर. आतून ‘टक’ झालं की बाबा ‘व्होल्टेज पडलं’ असं जाहीर करत. आताचे बहुतेक टीव्ही १०० ते २४० व्होल्टमध्ये कुठेही सुखाने चालतात. पडायची भीती गेली. चढायची राहिली.

ती आमच्या बिल्डिंगने पहिल्या पावसात पाहिली. मीटर रूममध्ये न्यूट्रलचा स्क्रू ढिला झाला. बिल्डिंगमधली घरं तीन फेजांवर वाटलेली असतात. न्यूट्रल सुटला की २३० व्होल्टचा हिशोब संपतो आणि फेजाफेजांत रस्सीखेच सुरू होते. जिथे लोड जास्त तिथे दिवे मिणमिणतात, जिथे कमी तिथे व्होल्टेज चारशेकडे धावतं. म्हणजे दोन-दोन एसी लावून बसलेल्या फेजवर नुसता अंधुक उजेड. आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका, एक ट्यूब, एक पंखा, एक टीव्ही एवढ्यावर संध्याकाळ काढणारे, त्यांच्याकडे आधी ट्यूब गेली, मग टीव्हीतून जळका वास आला. काटकसरीला इतकी रोख शिक्षा मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

काकांकडे स्पाइक गार्ड होता. चांगला होता. पण चकती क्षणाचा तडाखा झेलते, मिनिटभराचा नाही. त्यासाठी मेन बोर्डात ओव्हर-व्होल्टेज प्रोटेक्टर लागतो. व्होल्टेज चढलं की तो सरळ लाइनच तोडतो. टीव्हीच्या कंपनीने काकांना वॉरंटीतला बारीक मजकूर वाचून दाखवला. तेवढी सर्व्हिस फुकट होती.

शिवाय वीज काय फक्त प्लगमधूनच येते? गच्चीवरची डिश, या बिल्डिंगीवरून त्या बिल्डिंगीवर झोके घेणारी केबलवाल्याची तांब्याची वायर, यांतूनही पावसाळी कडकडाट घरात उतरतो. पुढच्या दाराला तीन कड्या, मागच्या दाराला नुसता पडदा. आणि १२ ऑक्टोबर २०२०ला ग्रिड बसलं, लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हा आपण सगळे वीज गेली म्हणून हळहळत होतो. उपकरणं बिचारी ती परत येताना भितात. म्हणून लाइट गेले की टीव्हीचा प्लग काढावा आणि लाइट आल्यावर पाच मिनिटं दम धरावा. पण मालिकेचा वेळ झालेला असतो.

अंधेरीतल्या एका दुकानात मला मध्यंतरी पॉवर कंडिशनर दाखवला. ‘सर, हा वीज गाळून देतो.’ छान. पण गाळ ओतायचा कुठे? बराचसा अर्थिंगमध्ये. प्लगची वरची जाड पिन त्याचसाठी. ती मुद्दाम लांब ठेवलेली असते, म्हणजे आत शिरताना सगळ्यांच्या आधी आणि बाहेर पडताना सगळ्यांच्या शेवटी. जुन्या बिल्डिंगींतल्या कित्येक सॉकेटांत तिच्यासाठी भोक असतं, भोकामागे वायर नसते.

सर्वसाधारण सभेत मी विचारलं, आपल्या अर्थिंगचा खड्डा कुठे आहे? सेक्रेटरी म्हणाले, ‘बिल्डरने दिलेला असणारच.’ दोन रविवार शोधल्यावर तो पेव्हर ब्लॉकखाली सापडला. वर खजिनदारांची गाडी. खड्ड्यात शेवटचं पाणी कुणी ओतलं, हे कुणालाच आठवेना.

तपासणीचा विषय पुढच्या सभेवर गेला. ‘येथे गाडी लावू नये’ अशी पाटी मात्र तातडीने मंजूर झाली. रात्री दिसावी म्हणून तिला दिवा दिलाय.

दोन पिनांचा.