दोन तृतीयांश आभाळ

अमेरिकेत राहून फोटो काढणाऱ्या मराठी माणसांचे दोन वर्ग आहेत. पहिला वर्ग डोंगर, धबधबा, पूल नाहीतर पुतळा गाठतो, त्याच्यापुढे बायकोमुलांना उभं करतो आणि हॉटेलवर परततो. दुसऱ्या वर्गात माझ्या माहितीचे एकटे बापू आहेत. बापू नेब्रास्कात राहतात. शनिवारी पहाटे गाडी काढून ते पश्चिमेला तीन-चार तास जातात, काहीच नाही अशा ठिकाणी थांबतात आणि त्याचे फोटो काढतात.

‘काहीच नाही’ हे शब्द मात्र त्यांच्यासमोर काढायचे नाहीत. पुण्याहून आलेल्या एका भाच्याच्या तोंडून विमानतळावरून येतानाच ते निसटले. मग घर येईपर्यंत त्याला बिग ब्लूस्टेम, लिटल ब्लूस्टेम, इंडियन ग्रास आणि स्विचग्रास या चार गवतांची चरित्रं ऐकावी लागली. पोरगं तीस तास झोपलेलं नव्हतं. मधेच त्याचे डोळे मिटले, तर बापूंनी गाडी कडेला घेतली. माणसाच्या डोक्याच्या वर जाणारं गवत झोपेत ऐकून कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचं खरं दुःख वेगळंच आहे. प्रेअरीचा, म्हणजे तिथल्या गवताळ माळाचा, मोठा हिस्सा जमिनीखाली असतो. गवताची मुळं माणूस उभा गाडला जाईल इतकी खोल जातात, आणि कॅमेऱ्याला दिसतात ती वरची पाती. नेब्रास्का विद्यापीठात शंभर वर्षांपूर्वी जॉन वीव्हर नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ खंदक खणून, त्यात उतरून ही मुळं मोजत आणि त्यांची चित्रं काढत. बापूंच्या देवघराशेजारच्या भिंतीवर तसल्या एका चित्राची प्रत लावलेली आहे. प्रेरणा घेऊन त्यांनी मागच्या अंगणात खणायला सुरुवातही केली होती, पण गुडघाभर झाल्यावर वहिनींनी कुदळ काढून घेतली. तेव्हापासून त्यांनी निषेध म्हणून लॉन कापणं सोडलं आहे. शेजारी तक्रार करतात. बापू त्यांना एखादा फोटो फ्रेम करून देतात. तक्रार वाढते.

आता यात फोटो काढण्यासारखं काय, हा प्रश्न सरळ आहे, आणि बापूंचं उत्तरही सरळ आहे: रेघ. प्रेअरीत एकच आडवी रेघ असते. तिच्यावर आभाळ, तिच्याखाली गवत. ही रेघ चौकटीत कुठं बसवायची, या एका प्रश्नावर बापूंच्या आयुष्यातली उमेदीची वर्षं गेली. आभाळाला दोन तृतीयांश द्यायचं की गवताला? ढग असतील तर आभाळाला, हे शेंबडं पोरही सांगेल. पण ढग किती? कसले? मे-जूनमध्ये वावटळीचा भोंगा वाजला की सगळी गल्ली तळघरात उतरते. बापू त्याच वेळी तिवई घेऊन अंगणात येतात. तळघराच्या जिन्यावरून वहिनींचा आवाज येत राहतो. त्यात ‘विमा’ हा शब्द स्पष्ट ऐकू येतो.

फुलांचं तर विचारूच नका. इथला वारा म्हणजे कायमचा वस्तीला आलेला. जांभळ्या कोनफ्लॉवरपुढे बापू पोटावर पडतात, पँट मोज्यात खोचलेली, कारण गोचिड्या. वारा थांबायची वाट बघतात. वारा थांबतो तेव्हा नेमका फुलावरचा भुंगा उडतो. भुंगा परत येतो तेव्हा वाराही येतो. शेवटी बापू उठतात आणि हा फोटो ‘गतिमान’ आहे असं जाहीर करतात.

उपकरणांची बाब एकाच गोष्टीत उरकतो. सहाशे मिलिमीटरची ती भली थोरली लेन्स गाडीच्या खिडकीवर टेकवायला खाली मऊ पिशवी लागते. बाजारात ती मिळते, पण बापूंनी वहिनींच्या जुन्या उशीच्या अभ्र्यात मटकी भरून घरीच केली. जुलैमध्ये एकदा पाऊस झाला, पिशवी भिजली आणि गाडीच्या मागच्या सीटवर राहिली. तिसऱ्या दिवशी तिला लांबसडक मोड आले होते. वहिनींनी चकार शब्द काढला नाही. रविवारी आम्हाला मिसळ खायला बोलावलं. बापूंनी ती खाताना एकदाही वर पाहिलं नाही.

एप्रिलमध्ये मात्र बापू वेगळेच असतात. प्रेअरी चिकन नावाचा पक्षी तेव्हा भल्या पहाटे ठरलेल्या माळावर जमतो. नर मान खाली घालतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या शेंदरी पिशव्या फुगवतात, पाय आपटतात आणि बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा घुमतात. तो आवाज शांत पहाटे मैलभर ऐकू जातो. हे बघायचं तर उजाडण्याच्या बरंच आधी लपणात जाऊन बसायचं आणि पक्षी आपणहून उठेपर्यंत बाहेर पडायचं नाही. बोलायचं नाही, खोकायचं नाही, बाकीचंही काही करायचं नाही. मी एकदा बापूंबरोबर गेलो होतो. डझनभर नर एकमेकांच्या अंगावर उड्या घेत होते, आणि त्यांच्यामधून एक मादी लक्ष्मी रोडवर नुसता भाव विचारायला आलेल्या बाईसारखी चालत गेली. एकाकडेही तिनं धड पाहिलं नाही. बापूंच्या डोळ्यांत पाणी आलं. थंडीनं असेल, पण मला ते नरांच्या बाजूनं आलेलं वाटलं.

मार्चमधले करकोचे हा आणखी वेगळा सोहळा. सँडहिल करकोचे उत्तरेला जाताना प्लॅट नदीवर काही आठवडे थांबतात. दिवसा कापणीनंतर शेतात सांडलेला मका खातात, रात्री नदीच्या उथळ पाण्यात उभे राहतात. हंगामात मिळून लाखो. फोटोवाल्यांसाठी नदीकाठी लाकडी खोकी असतात. संध्याकाळी आत शिरायचं, सकाळीच बाहेर यायचं, सोबत एक बादली. लोक यासाठी पैसे मोजतात आणि जागा महिनोन्महिने आधी धरून ठेवतात. लग्नाच्या वाढदिवसाला बापूंनी वहिनींना खोक्यातली अशी एक रात्र भेट दिली होती. वहिनी त्याबद्दल आजही फक्त ‘बादली’ एवढंच म्हणतात.

बापूंचं दैवत जिम ब्रँडेनबर्ग. मिनेसोटातल्या लुव्हर्नच्या प्रेअरीत जन्मलेला हा मोठा फोटोग्राफर. १९९४ च्या शरदात त्यानं नव्वद दिवस रोज एकच फोटो काढायचा नेम केला. दिवसाला एक क्लिक, चुकलं तर चुकलं. बापू एका सकाळी हजारभर फोटो काढणारे, त्यांनीही हे व्रत घेतलं. पहिल्या दिवशी पहाटे गाडीत बसताना कॅमेरा सीटबेल्टात अडकला आणि त्या दिवसाचा एकुलता एक फोटो गिअरच्या दांड्याचा निघाला. बापूंनी व्रत मोडलं नाही, दिवसभर सँडहिल्समध्ये नुसते बसून राहिले. त्या दिवशी बॅजर, घुबडं आणि दुहेरी इंद्रधनुष्य असं सगळं येऊन गेलं म्हणतात. व्रत दुसऱ्या दिवशी मोडलं.

सँडहिल्स म्हणजे गवतानं झाकलेल्या वाळूच्या टेकड्या, जवळजवळ पन्नास हजार चौरस किलोमीटर. नेब्रास्कातली सत्त्याण्णव टक्क्यांच्या आसपास जमीन खासगी, म्हणजे प्रेअरी बहुतेक वेळा काटेरी तारेच्या पलीकडे असते आणि बापू अलीकडे. प्राँगहॉर्न या हरणासारख्या जनावराबद्दल त्यांनी वाचलं होतं की ते भारी चौकस असतं. जुने शिकारी जमिनीवर पडून रुमाल हलवायचे आणि ते बघायला जवळ यायचं. बापूंनी गावाकडचा लाल गमछा काढला, रस्त्याच्या कडेला उताणे पडले आणि पाय वर करून हलवू लागले. प्राँगहॉर्ननं लांबून एकदा पाहिलं आणि ते ताशी ऐंशीच्या वेगानं निघून गेलं. त्याऐवजी धुरळा उडवत एक पिकअप आली. तिकडच्या मुलखात वाटेत कोणी थांबलेलं दिसलं की माणसं विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत, इथं तर पाय वर होते. उतरलेल्या रँचवाल्या आजोबांनी आधी पाणी दिलं, मग नाडी बघितली, मग हकीकत ऐकून घेतली. “प्राँगहॉर्न होय?” म्हणून त्यांनी खिशातून काच तडकलेला फोन काढला. ट्रॅक्टरवरून काढलेला फोटो होता. हातभर अंतरावर नर उभा, मागे काळाकभिन्न ढग, ढगात वीज आणि शिंगांवर नेमकं ऊन. रेघ वाकडी होती. बापूंनी घरी आल्यावर आम्हाला पहिल्यांदा तेच सांगितलं.

गावाकडून तर कौतुकाची आशाच नाही. बापू राधानगरीकडचे. फोर्ट नायोब्रारा अभयारण्यात दिवसभर थांबून त्यांनी बायसनचे फोटो काढले. बायसनचा स्वभाव असा की तो फोटोवाल्याकडे कायम पाठ करतो, त्यामुळे बापूंकडे जो संग्रह आहे तो बहुतांशी मागच्या बाजूचा. त्यातला एकुलता एक समोरचा फोटो त्यांनी हौसेनं आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला. हे जनावर एकेकाळी कोट्यवधी होतं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जेमतेम हजाराच्या आत उरलं, लोकांनी कसं वाचवलं, सगळं सांगितलं. आईंनी शांतपणे ऐकून घेतलं. “गवा काय रे?” त्या म्हणाल्या. “त्याच्यापायी तिकडं कशाला हिंडतोस? परवा आपल्या उसात होता.” गवा वेगळा, बायसन वेगळा, हे बापूंनी पुष्कळ समजावलं. “ह्याला अंगावर लोकर हाय,” एवढं एक आईंनी मान्य केलं.

बापूंच्या तोंडी एक गोष्ट नेहमी असते. १८८६ पासून सॉलोमन बुचर नावाचा माणूस नेब्रास्काच्या कस्टर परगण्यात घोडागाडी घेऊन हिंडला आणि मातीच्या ढेपांची घरं बांधून राहणाऱ्या कुटुंबांचे काचेवर फोटो काढले. कुटुंबं आपली गाय, बाजाची पेटी, कलिंगडं, जे काही असेल ते दारात मांडून उभी राहत. मागे सगळं सपाट. एकदा निगेटिव्ह खराब झाली, तर या पठ्ठ्यानं डागाच्या जागी हातानं टर्की कोंबड्या काढून दिल्या. बापूंना हा मोठा अपराध वाटतो. मला विचाराल तर त्या कोंबड्यांनी त्या फोटोत जीव आला असणार, पण हे मी बापूंच्या घरी बोलत नाही. मिसळ मिळते तिथं.

गेल्या वर्षी मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाला मुखपृष्ठ हवं होतं. बापूंनी महिनाभर निवडानिवड करून एक फोटो दिला: ऑक्टोबरमधलं तांबूस ब्लूस्टेम, वर ढगाचा ठिपकाही नसलेलं आभाळ. रेघ वरून दोन तृतीयांशावर, या एका निर्णयाला म्हणे नऊ वर्षं लागली. अंक छापून आला. संपादकांनी आभाळात ‘शुभ दीपावली’ लिहिलं होतं, दोन कोपऱ्यांत आकाशकंदील टांगले होते आणि मधोमध गवतावर एक भली मोठी पणती ठेवली होती. विचारलं तर म्हणाले, “जागा रिकामीच होती ना.”

दिवाळीच्या कार्यक्रमात सगळे बापूंकडे बघत होते. आता राजीनामा येतो, की अंक फाडतात, यावर मागच्या रांगेत पैज लागली होती. बापूंनी खिशातून चष्मा काढला, अंक डोळ्यांसमोर आडवा धरला आणि बराच वेळ बघत राहिले. मग संपादकांना बाजूला बोलावून म्हणाले, “ठेवा हो पणती. पण निदान सरळ तरी बसवायची.”