ताशी चार मैल आणि सासूबाई

ब्रिटनमधल्या बहुतेक कालव्यांवर वेगमर्यादा ताशी चार मैल आहे. म्हणजे साडेसहा किलोमीटरलाही थोडी कमी, आणि हा झाला कमाल वेग. काठाला बांधलेल्या बोटींच्या शेजारून जाताना तोही चालत नाही. इंजिन नुसतं घुटमळत ठेवायचं आणि बोट आपली आपण सरकू द्यायची. आमच्या सासूबाई फलटणच्या. पहिल्याच तासात त्यांनी निकाल दिला, "माउलींची पालखी याच्या पुढं जाईल. तीसुद्धा दोन विसावे घेऊन."

बेत मेहुण्याचा. तो मिल्टन कीन्सला राहतो आणि ग्रँड युनियन कालवा त्याच्या घरामागून जातो. बोट भाड्याने घेऊन सगळ्यांनी मिळून फिरायचं, असं त्याच्या मनात फार दिवस होतं. भाड्याने बोट चालवायला इथे लायसन्स लागत नाही. स्कूटरला लागतं, पण साठ फूट लांबीची, पंधरा टनांवर वजनाची लोखंडी बोट अर्ध्या तासाच्या शिकवणीवर हातात मिळते. बोटीची रुंदी मात्र सात फुटांना दोन इंच कमी, कारण बोट खालीवर नेणारी बरीच जुनी लॉक सात फुटांचीच आहेत. ब्रेक नाही. थांबायचं तर उलटा गिअर टाकून वाट बघायची. सुकाणूची दांडी डावीकडे ढकलली की बोटीचं नाक उजवीकडे वळतं, आणि समोरून कोणी आलं तर आपण उजवी बाजू धरायची. भारतात आणि इंग्लंडमध्ये डावीकडूनच गाडी चालवण्यात आयुष्य गेलेल्या मेहुण्याला हे दोन्ही उलटे नियम एकदम पाळायचे होते. त्यामुळे समोरून येणाऱ्याला आमचा हेतू शेवटपर्यंत कळत नसे.

"पाण्यात पडलो तर?" बायकोने शिकवणाऱ्याला विचारलं.

"उभे राहा," तो म्हणाला. कालवा बहुतेक ठिकाणी कमरेएवढाच असतो. मग गंभीर होऊन त्याने सांगितलं की लॉकमध्ये आणि बोटीच्या पंख्याजवळ हा नियम लागू नाही.

गेटन गावाच्या बाजूने दक्षिणेला निघालं की आधी ब्लिसवर्थचा बोगदा लागतो. पावणेतीन किलोमीटरच्या वर लांब, 1805 साली खुला झालेला. आत दोन बोटी एकमेकींना घासून का होईना, पण जाऊ शकतात. बोटीला पुढे एकच दिवा असतो आणि वरच्या हवेच्या झरोक्यांतून पाणी नेमकं मानेवर पडतं. घोडे बोटी ओढत त्या काळात बोगद्यात घोड्याला वाट नव्हती. तेव्हा माणसं फळीवर उताणी झोपून भिंतींवर पाय मारत बोट पुढे न्यायची. हे ऐकल्यावर मेहुण्याने पाठ दुखण्याची तक्रार बंद केली.

बोगद्यातून बाहेर पडलं की स्टोक ब्रुअर्न गाव, आणि गावापासून खाली उतरणारी सात लॉक. कालव्यावरचा सगळा शिष्टाचार लॉकपाशी जमा झालेला असतो.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगडी हौद. बोट आत घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे, पुढच्या झडपा उघडायच्या. पाणी खाली जातं, बोटही खाली जाते. झडपांना इथे पॅडल म्हणतात, आणि ती उघडायला विंडलास नावाचा काटकोनी लोखंडी दांडा लागतो. तो चौकोनी खुंटीवर बसवून फिरवला की दातेरी पट्टी कटकट करत वर चढते. काम झालं की विंडलास लगेच काढून घ्यायचा. खुंटीवर राहिला आणि अडकण सुटलं, तर तो गरगर फिरून कोणाचं तरी मनगट मोडतो. खाली उतरताना बोट मागच्या दरवाजापासून पुढे ठेवायची, कारण त्या दरवाजाखाली पाण्यात दडलेला दगडी कट्टा असतो. बोटीचं शेपूट त्यावर टेकलं आणि पाणी मात्र उतरत राहिलं, की बोट नाकावर उभी राहते. म्हणून काठावर पांढरी रेघ मारलेली असते. तिच्या मागे राहणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

दरवाजाला लाकडाची लांबलचक तुळई असते. तिला पाठ लावायची, जमिनीत मुद्दाम उंच बसवलेल्या विटांवर टाचा रोवायच्या आणि ढकलायचं. पहिल्या लॉकवर मेहुण्याने हे सगळं यथासांग केलं. कानशिलं लाल झाली, दरवाजा हलेना. काठावर कुत्रं घेऊन एक म्हातारा उभा होता. त्याने आधी हवेची स्तुती केली. मग कुत्र्याचं वय सांगितलं. मग म्हणाला की, माझा आपला अनुभव असा, की दोन्हीकडचं पाणी एका पातळीला आलं की दरवाजा जरा हलका जातो. मेहुण्याने पाहिलं, अजून हातभर फरक होता. पाणी सारखं झालं आणि तोच दरवाजा सासूबाईंनी एका हाताने लोटला.

आता सासूबाईंविषयी सांगायला हवं. सासरे पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. नीरा उजव्या कालव्याची आवर्तनं, पाळ्या, रात्रीची पाणीचोरी आणि त्यावरून होणारी भांडणं हे सासूबाईंनी चाळीस वर्षं घरात ऐकलेलं. त्यामुळे लॉकमधून खळाळत जाणारं पाणी पाहून त्यांचा जीव खालीवर होऊ लागला. "एका वेळी किती जातं?" त्यांनी विचारलं. या रुंद लॉकमध्ये दोन लाख लिटरच्या वर जातं, मेहुण्याने सांगितलं.

"पाऊण एकर ऊस भिजतो एवढ्यात," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही होडी उतरवताय."

तेव्हापासून त्या बोटीत बसल्याच नाहीत. पुढे चालत जाऊन पुढच्या लॉकवर उभ्या. ग्रँड युनियनच्या लॉकमध्ये दोन बोटी शेजारी शेजारी मावतात, म्हणून मागून कोणी येत असेल तर थांबून त्याला आत घेणं हा इथला रिवाज. सासूबाईंनी त्याचा कायदा केला. मागे बोट दिसेपर्यंत त्या आम्हाला दरवाजा लावू देईनात. एक इंग्रज जोडपं आमच्या शेजारच्या बोटीत होतं. त्यांना वाटलं, या बाई कॅनल अँड रिव्हर ट्रस्टच्या स्वयंसेविका असाव्यात. ट्रस्टकडे 2012 पासून इंग्लंड आणि वेल्समधले बहुतेक कालवे आहेत, आणि बऱ्याच लॉकवर त्याचे स्वयंसेवक खरंच मदतीला असतात. फक्त ते काठपदराच्या साडीवर स्पोर्ट शूज घालत नाहीत.

कालव्यावरचं सगळ्यात मोठं पाप खालून पाचव्या लॉकवर घडलं. लॉक भरलेलं होतं, म्हणजे वरून येणाऱ्या आमच्यासाठी तयार. अशा वेळी आधी मान आमचा. खाली वाट बघणाऱ्याने मात्र आमची बोट शंभर पावलांवर येत असताना पॅडल उघडून लॉक रिकामं करायला घेतलं. म्हणजे आता पाणी पुन्हा भरायचं, तेही वरच्या कालव्यातून. एखादा इंग्रज असता तर त्याने "तुम्हाला आज घाई आहे वाटतं" एवढंच म्हटलं असतं, आणि इकडे ती शिवीच आहे. सासूबाईंना ही पायरी ठाऊक नव्हती. त्या मराठीत बोलल्या, सविस्तर बोलल्या, आणि हाताने पाण्याची पातळी दाखवत बोलल्या. त्या गृहस्थाने मुकाट्याने पॅडल खाली केलं. त्याला एकही शब्द कळला नसावा, पण आरोपपत्र कळलं.

मला या देशात सगळ्यात नवल वाटलं ते एका गोष्टीचं. लंडनच्या ट्यूबमध्ये गुडघ्याला गुडघा लावून बसलेला माणूस वर्षभर तुमच्याकडे बघत नाही. तोच बोटीवर चढला की प्रत्येकाला हात करतो, आणि दहाव्या मिनिटाला संडासावर बोलू लागतो. टाकी पंपाने उपसून घ्यायची बोट चांगली, की डबा स्वतः नेऊन रिकामा करायची, यावर बोटवाल्यांत दोन पंथ आहेत आणि त्यांच्यात रोटीव्यवहार जेमतेम आहे. आमच्या बोटीला डबा होता. तो उचलून एल्सन पॉइंट या डबे रिकामे करायच्या जागी नेण्याचा मान, घरचा जावई असूनही, मला मिळाला. "दाजी, तुमचा हात स्थिर आहे," असं मेहुण्याने कारण दिलं.

संध्याकाळी बोट बांधायचेही नियम आहेत. वळणावर नाही, पाण्याच्या नळापाशी नाही, लॉकच्या तोंडाशी तर नाहीच. दोर काठावरच्या पायवाटेवर आडवा ताणायचा नाही, सायकलवाले असतात. रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन बंद. इंजिन बंद असताना आवाज कसा जातो ते आम्हाला पहिल्या रात्री समजलं. आमच्या बोटीत झालेली भेंडीच्या भाजीवरची चर्चा पलीकडच्या बोटीतल्या बाईंनी सकाळी पाककृतीसकट ऐकवली.

एकदा पंख्यात काहीतरी गुंतलं. इंजिन बंद करून, किल्ली खिशात घालून, मागचं झाकण उघडायचं आणि खांद्यापर्यंत हात गार पाण्यात घालून, पावाच्या सुरीने चाचपडत कापत बसायचं. मेहुण्याने मासेमारीची दोरी, प्लॅस्टिकची पिशवी आणि कुणाची तरी पँट काढली. शेजारच्या बोटवाल्याने धीर दिला, हे काहीच नाही. लंडनमध्ये साउथॉलच्या बाजूला कालव्यात नारळ तरंगत येतात, आणि तिथे पंख्यात सबंध साडी सापडली होती. सासूबाईंनी मला भाषांतर करायला लावलं आणि विचारलं, "सहावारी का नऊवारी?" तो विचारात पडला. पंखा मोकळा करायला अख्खी दुपार गेली होती, एवढंच त्याला आठवत होतं. "मग नऊवारी," सासूबाईंनी नक्की केलं.

तुमच्यापैकी कोणी जाणार असाल तर पहिल्याच दिवशी दोन विंडलास मागून घ्या, एक पाण्यात जातोच. पावाची सुरी पावासाठी वेगळी ठेवा. आणि लॉक भरलेलं असताना वरून बोट येताना दिसली तर पॅडलला हात लावू नका. सासूबाई पुढच्या वर्षीही येणार आहेत.