बोली संघाची, घडण मंडळाची

२ कोटी ६० लाख ५० हजार रुपये. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत झालेल्या प्रो कबड्डीच्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी एवढे मोजले. तोवर कबड्डीपटूवर कुणी इतका पैसा लावला नव्हता आणि पुढच्या दोन लिलावांतही तो आकडा कुणाला ओलांडता आला नाही.

भांडुपच्या टेंभीपाड्यात विचारा, कोकणनगरात विचारा, कबड्डी खेळणाऱ्या पोरांना असे आकडे तोंडपाठ असतात. पण पोराला पहिल्यांदा मैदानात उतरवणाऱ्या, चढाईत पाय कुठे टाकायचा ते शिकवणाऱ्या मंडळाला या कोटींमधलं काय मिळतं, असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. या आठवड्यात मला एवढंच म्हणायचं आहे : बोलीच्या रकमेत मंडळाचा वाटा हवा. उपकार म्हणून नको, देणगी म्हणून नको. नियमात लिहिलेला हवा.

आधी व्यवहार समजून घेऊ. हंगाम संपला की प्रत्येक संघ दोन याद्या करतो. काही खेळाडू राखायचे, बाकीचे सोडायचे. सोडलेले करारमुक्त होतात आणि लिलावात येतात. अ, ब, क आणि ड असे चार गट, त्यांच्या मूळ किमती ३०, २०, १३ आणि ९ लाख. संघाला खर्चाची मर्यादा ५ कोटींची. आपण सोडलेला खेळाडू परत हवा असेल तर शेवटच्या बोलीएवढी रक्कम देऊन ‘फायनल बिड मॅच’चं कार्ड दाखवायचं. मैदानात एकही चढाई होत नाही, तरी पुढचा हंगाम अर्धा इथेच ठरतो.

२०१४ च्या पहिल्या लिलावात एका संघाची मर्यादा होती ६० लाख. सर्वांत महागडा ठरला राकेश कुमार. पाटणा पायरेट्सने त्याला १२ लाख ८० हजारांना घेतलं, तेव्हा तेवढ्यानेही लोकांचे डोळे विस्फारले होते. २०२५ च्या लिलावात गुजरात जायंट्सने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला २ कोटी २३ लाख दिले. खेळाडूला पैसा मिळाला याचा मला मनापासून आनंद आहे. गुडघा निखळला, खांदा सुटला की कबड्डीपटूची कमाई थांबते. त्याच्या कष्टाला उशिरा का होईना, किंमत आली. त्यातला एक रुपयाही कमी करा असं मी म्हणत नाही.

माझा प्रश्न संघमालकांना आहे. एवढा पैसा ओतून तुम्ही विकत काय घेता?

२ कोटी ६० लाखांचा पवन घेऊन तेलुगू टायटन्स त्या हंगामात २२ पैकी २ सामने जिंकले आणि तळाला राहिले. त्याआधी २०२२ मध्ये याच पवनसाठी तमिळ थलायवाजने २ कोटी २६ लाख मोजले. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि हंगाम संपला. तरीही थलायवाज उपांत्य फेरीत पोहोचले. कोणाच्या जोरावर? नरेंदर कंडोला या नवख्या चढाईपटूच्या. कोट्यवधींचा खेळाडू बाकावर आणि बिननावाचं पोर संघ ओढून नेतंय, हे सगळ्या देशाने पाहिलं.

आपल्या घरचं उदाहरण सिद्धार्थ देसाईचं. कोल्हापूर जिल्ह्यातलं हे पोर यू मुंबाने २०१८ मध्ये ३६ लाख ४० हजारांना घेतलं. पहिल्याच हंगामात त्याने दोनशेहून जास्त गुण मिळवले. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाखांची बोली लावली आणि मुंबईने हात सोडला. टायटन्सच्या हातीही काही लागलं नाही, गुणतक्त्यात ते शेवटून दुसरे राहिले. मुंबईचा चढाईपटू मात्र गेला तो गेला.

पैसा नेहमीच वाया जातो असंही नाही. शादलूसाठी पुणेरी पलटणने २०२३ मध्ये २ कोटी ३५ लाख दिले आणि मार्च २०२४ मध्ये हरयाणा स्टीलर्सला २८-२५ ने हरवून पहिलं विजेतेपद घेतलं. पुढच्या लिलावात हरयाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना नेलं आणि विजेतेपद हरयाणाकडे गेलं. खरा मोठा खेळाडू संघ बदलून टाकतो. पण पलटणचा त्या वर्षीचा संघ नीट बघा. कर्णधार अस्लम इनामदार तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातला. चढाईला आकाश शिंदे, तोही महाराष्ट्राचाच. दोघेही २०२३ च्या हांगझोऊ एशियाडमधल्या सुवर्णपदक विजेत्या भारतीय संघात होते. अशा पोरांना पलटणने लहान वयात हेरलं, सांभाळलं, खेळवलं. शादलू त्यांच्या जोडीला आला म्हणून चषक आला. एकटा आला असता तर टायटन्सची गोष्ट पुण्यात घडली असती.

आणि अशी पोरं लिलावात पिकत नाहीत. ती मंडळात तयार होतात.

मंडळ म्हणजे काय, हे भांडुपकराला समजवावं लागत नाही. डोंगरउतारावरच्या वस्तीत सपाट जागा मिळणंच मुश्कील. मिळेल त्या तुकड्यावर माती चाळायची, पाणी मारायचं, खडे वेचायचे, रेषा आखायच्या, संध्याकाळी दिवा लावायचा. एलबीएस मार्गावर गेस्ट कीन विल्यम्स आणि एशियन पेंट्सचे कारखाने चालू होते, तेव्हा पाळी सुटलेला कामगार घरी डबा ठेवून मैदानावर यायचा आणि पोरांना पकडीचे धडे द्यायचा. कारखाने गेले, तिथे इमारती आल्या. मैदानांच्या जागा आक्रसल्या. तरी मंडळं टिकून आहेत. किशोर गटाचा संघ, कुमार गटाचा संघ, निवड चाचणीचं प्रवेश शुल्क, गुडघ्याच्या पट्ट्या, अंडी, केळी, दुखापत झाली की डॉक्टर. हा खर्च कोण करतं? वर्गणी करते. दुकानदार करतो. नोकरी करून रात्री सराव घेणारा जुना खेळाडू स्वतःच्या खिशातून करतो. त्याचं नाव कुठल्याही लिलावात पुकारलं जात नाही.

पूर्वी या कष्टाचं फळ वेगळ्या रूपात वस्तीत परत यायचं. चांगला चढाईपटू दिसला की रेल्वे, पोर्ट ट्रस्ट, बँका, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, महिंद्र अशा संघांची माणसं मैदानावर यायची. पोराला नोकरीचं पत्र मिळायचं. पगार, पीएफ, आईवडिलांचं औषधपाणी, निवृत्तीनंतरचं पेन्शन. तो पोरगा त्याच वस्तीत राहायचा आणि संध्याकाळी त्याच मैदानावर पुढच्या पिढीला शिकवायचा. रक्कम लहान होती, पण ती माणसाला आणि मंडळाला धरून ठेवायची. आजचा करार हंगामा-दोन हंगामांचा. दुखापत झाली की पुढच्या यादीतून नाव गळतं. पोरगा वस्तीत परत येतो, तेव्हा त्याला सावरायलाही मंडळच पुढे येतं. कमावत्या काळात संघाचा आणि पडत्या काळात मंडळाचा, हा हिशेब मला मान्य नाही.

आता फुटबॉलकडे बघू, कारण हा प्रश्न त्यांनी आपल्या आधी सोडवला आहे. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने बोस्मन खटल्याचा निकाल दिला. करार संपलेला फुटबॉलपटू जुन्या क्लबला एक पैसा न देता दुसरीकडे जाऊ शकतो, हे त्यातून ठरलं. खेळाडू मोकळा झाला, आणि हे योग्यच झालं. पण खेळाडू घडवणारे छोटे क्लब उपाशी राहणार हेही दिसू लागलं. म्हणून फिफाने २००१ मध्ये नियम केले. आंतरराष्ट्रीय बदलीची रक्कम ठरली की तिच्यातले ५ टक्के, खेळाडू १२ ते २३ वर्षांचा असताना ज्या ज्या क्लबांनी त्याला शिकवलं त्यांच्यात वर्षांच्या प्रमाणात वाटायचे. करारमुक्त खेळाडूच्या बाबतीत बदलीची रक्कमच नसते, म्हणून तरुण खेळाडूसाठी प्रशिक्षणाची वेगळी भरपाई ठेवली. नियमांत फटी आहेत, भांडणं होतात. पण लहान गावातल्या क्लबचा हक्क कागदावर आहे.

जमलेला संघ निघून गेला की काय होतं, ते मोठ्या क्लबांनाही भोगावं लागतं. एफसी गोवाने २०१९-२० मध्ये इंडियन सुपर लीगची लीग शील्ड जिंकली. नंतर प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा, अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्यूगो बुमूस आणि गोव्याचा मंदार राव देसाई अंधेरीच्या मुंबई सिटीत दाखल झाले. २०२०-२१ मध्ये मुंबईने शील्डही जिंकली आणि चषकही. गोव्याकडे सावरायला ताकद तरी होती, पैसा होता. पाड्यातल्या मंडळाचे दोन चढाईपटू गेले तर त्याचा संघच उभा राहत नाही.

आता साधं गणित. १२ संघ, प्रत्येकी ५ कोटींची मर्यादा, म्हणजे जास्तीत जास्त ६० कोटी. त्याचे ५ टक्के ३ कोटी. एका मोठ्या चढाईपटूवरच्या बोलीहून थोडे जास्त. त्यात देशभरातल्या खेळाडू घडवणाऱ्या मंडळांना दर हंगामाला हक्काची रक्कम मिळेल. ५ टक्के जड वाटतात? मग १ टक्क्याने सुरुवात करा. ते ६० लाख होतात, म्हणजे २०१४ मध्ये एका संघाचा सगळा खर्च जेवढा होता तेवढे. अकरा वर्षांत मर्यादा आठपटीहून जास्त वाढवता आली, तर मुळाशी १ टक्का का देता येत नाही?

कुणी म्हणेल, कुठलं मंडळ खरं हे कसं ओळखायचं? जिल्हा संघटनेची नोंदवही उघडा. आपल्या मुंबई उपनगर कबड्डी असोसिएशनकडे खेळाडूची नोंद मंडळाच्या नावानेच होते. कोण कधीपासून कुठून खेळला, हे तिथे दिसतं. कुणी म्हणेल, मंडळाचे पदाधिकारी पैसे खातील. मग रक्कम चटई, दिवे, प्रशिक्षक आणि खेळाडूंचा विमा यांच्यासाठीच द्या, हिशेब मागा, हिशेब न देणाऱ्याचा पुढचा हप्ता थांबवा. वाटा टाळायला ही कारणं पुरत नाहीत.

कुणी म्हणेल, महासंघच धड नाही. काही वर्षं ते खरंही होतं. भारतीय हौशी कबड्डी महासंघाचा कारभार २०१८ पासून न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाकडे होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निवडून आलेल्या समितीकडे सोपवायला सांगितला. आता जाब विचारायला माणसं आहेत. महाराष्ट्राच्या संघटनेने हा विषय पहिल्यांदा मांडावा. शंकरराव ऊर्फ बुवा साळवींच्या जन्मदिनी, १५ जुलैला, आपण कबड्डी दिन साजरा करतो. बुवांनी आयुष्य दिलं ते गल्लीबोळातला हा खेळ देशभर नेण्यासाठी. त्या दिवशी हार घालण्याबरोबर हा ठरावही करा.

आणि मुलींचं काय? २०१६ मध्ये महिलांची कबड्डी चॅलेंज झाली. तीन संघ होते, आपली अभिलाषा म्हात्रे त्यातल्या एका संघाची कर्णधार होती. अंतिम सामना एका गुणाने सुटला, २४-२३. एवढी चुरस दाखवूनही प्रो कबड्डीच्या मंचावर मुलींची लीग उभी राहिली नाही. भांडुपच्या मैदानावर मुली त्याच मातीत घाम गाळतात, त्यांच्यावर बोली लावायला कुणी बसत नाही. मुलांच्या लिलावातून येणाऱ्या वाट्यातला निम्मा भाग मंडळाने मुलींच्या संघावर खर्च करावा, ही अट मी स्वतःहून सुचवतो. ज्या मंडळाला ती नको असेल, त्याला वाटाही नको.

माझ्या मागण्या तीन. बोलीच्या रकमेत ठरावीक टक्के वाटा आणि तो संघमालकाच्या खिशातून, खेळाडूच्या नव्हे. लिलावात खेळाडूचं नाव पुकारताना त्याच्या पहिल्या मंडळाचं आणि गावाचं नाव. आणि दुखापत झालेल्या खेळाडूला करार संपल्यावरही उपचाराचा खर्च.

नियम व्हायला वेळ लागेल. यू मुंबाला थांबायचं कारण नाही. २०१५ मध्ये तुम्ही वरळीत विजेतेपद घेतलंत, तेव्हा रिशांक देवाडिगा आणि विशाल माने ही मुंबईची पोरं तुमच्या संघात होती. ती तुम्हाला या शहराच्या मैदानांनी तयार करून दिली. पुढच्या लिलावाला बसण्याआधी ज्या ज्या मंडळांतून तुमचे खेळाडू आले त्यांची यादी करा, ती जाहीर करा आणि पहिला धनादेश फाडा. शहराचं नाव जर्सीवर लावलंत, तर त्याच्या मैदानांचं देणंही तुमचंच आहे.