गस्तीचे बटण

गस्तीचे बटण म्हणजे भिंतीत पक्की बसवलेली पोलादी टिकली. रात्रपाळीचा पहारेकरी तिच्यापर्यंत खरोखर चालत आला होता की नाही, एवढेच तिला सांगता येते. पण तेवढ्यासाठीच ती विकत घेतली जाते. तिचा व्यास सुमारे 16 मिलिमीटर, म्हणजे रुपयाच्या नाण्याहून कमी. जाडी साधारण 3 किंवा 6 मिलिमीटर. बाहेर स्टेनलेस स्टीलची डबी, आत एक चिप. डबी आणि तिचे झाकण यांच्यामध्ये प्लास्टिकचे कडे असते, त्यामुळे धातूचे हे दोन भाग एकमेकांना शिवत नाहीत. पहारेकऱ्याच्या हातातल्या रीडरचे टोक या दोन्ही भागांना एकदम टेकले की व्यवहार पुरा होतो.

साध्या बटणात बॅटरी नसते. रीडर टेकताच ते त्याच्याकडून क्षणभराची वीज उसनी घेते, आपला क्रमांक सांगते आणि पुन्हा निपचित पडते. कोणी हलवल्यावर जागे व्हायचे, नाव सांगायचे आणि पुन्हा झोपायचे, ही कार्यपद्धती काही पहारेकऱ्यांनी बटणाच्या कितीतरी आधी अवगत केली होती.

क्रमांक 64 बिटांचा असतो. पहिले 8 बिट बटणाची जात सांगतात, मधले 48 त्याचे स्वतःचे असतात आणि शेवटचे 8 वाचनात चूक झाली का ते तपासतात. मधल्या 48 बिटांतून सुमारे 281 लाख कोटी वेगवेगळे क्रमांक निघतात. एकाच जिन्यावर तीन कुलकर्णी असलेल्या आणि तिघांची पत्रे कायम चौथ्याकडे जाणाऱ्या सोसायटीत ही शिस्त विशेष डोळ्यांत भरते.

हे बटण अमेरिकेतील टेक्सासच्या डॅलस सेमीकंडक्टर या कंपनीने काढले. सुरुवातीला त्याचे नाव ‘टच मेमरी’ होते, पुढे ‘आयबटन’ झाले. बटणामागची पहारेकऱ्यावरची शंका मात्र फार जुनी आहे. इंग्लंडमधील डर्बीचे घड्याळजी जॉन व्हाइटहर्स्ट यांनी 1750च्या सुमारास पहारेकऱ्यांसाठी एक घड्याळ केले. त्यातली खिळी ठरल्या वेळी दाबावी लागे. न दाबलेली खिळी सकाळपर्यंत मालकाच्या स्वागताला तशीच उभी राही. जर्मनीतील योहानेस ब्यूर्क यांनी 1855च्या सुमारास घड्याळच पहारेकऱ्याच्या खांद्यावर दिले. किल्ल्या जागोजागी भिंतीला साखळीने बांधलेल्या असत. किल्ली घड्याळात फिरवली की आतल्या कागदावर खूण उमटे. आजचा रीडर हे ते घड्याळ आणि बटण ही ती किल्ली. अडीचशेहून अधिक वर्षांत यंत्र लहान होत गेले. अविश्वास मूळ मापाचाच राहिला.

रीडर टॉर्चएवढा असतो. तो टेकला की ‘टी’ असा आवाज येतो, आणि क्रमांक, तारीख, वेळ साठते. रीडरला स्वतःचे घड्याळ असते. त्याची बॅटरी संपली की अनेक यंत्रे 1 जानेवारी 2000 या तारखेवर जातात. मग जी इमारत 2014 साली बांधली, तिच्या गच्चीवर पहारेकरी चौदा वर्षे आधीच गस्त घालून गेल्याचे अहवालात दिसते. इतकी दूरदृष्टी त्याच्या पगारात बसत नाही.

स्पर्शच का, याला कारणे आहेत. बारकोडची चिकटपट्टी उन्हापावसात फिकी पडते. क्यूआर कोडचा फोटो मोबाइलमध्ये काढून सगळा राउंड केबिनमध्ये, चहा पिता पिता मारता येतो. रेडिओलहरींवर चालणारे साधे कार्ड लोखंडी दारावर लावले की अडखळते. बटण पाऊस, धूळ, धक्के सोसते. जिन्याच्या कोपऱ्यातली पानाची पिचकारीही पुसून काढली की ते पूर्ववत बोलते. त्याला नमवतो तो रंगारी: दिवाळीपूर्वीच्या रंगकामात भिंतीबरोबर बटणही रंगते आणि रंगातून वीज जात नाही. त्या रात्रीपासून तिसऱ्या मजल्यावर कोणी फिरकल्याची नोंदच होत नाही आणि दोष मात्र वॉचमनच्या माथी येतो.

बटणाला फसवण्याची सरळ रीत म्हणजे सगळी बटणे भिंतीवरून उचकटून केबिनच्या टेबलावर ओळीने मांडणे. असा राउंड बसल्या जागी होतो. पण अहवालात तळघर ते बारावा मजला ही वाट नऊ सेकंदांत चढल्याचे दिसते, आणि लिफ्ट गेले दोन महिने बंद असते. म्हणून संगणकातल्या प्रणालीत दोन बटणांमधला कमीत कमी वेळही ठरवून देतात. ब्यूर्कच्या किल्ल्यांना साखळी होती, तीही याच कारणासाठी.

या बटणाची भावंडे इतरत्र प्रतिष्ठेने नांदली. इस्तंबूलमध्ये ‘अकबिल’ या नावाने त्याने अनेक वर्षे बस आणि बोटीचे भाडे भरले. ‘थर्मोक्रॉन’ नावाच्या जातीत बॅटरी आणि तापमापक असतो. ती 2,048 नोंदी साठवते आणि लसीच्या खोक्यापासून पक्ष्याच्या घरट्यापर्यंत कुठेही निमूटपणे बसते. तिथे तिच्यावर कोणी संशय घेत नाही.

गस्तीच्या बटणाची मोठी मर्यादा ही: त्याला पाय कळतात, डोळे कळत नाहीत. पहारेकरी तिथे आला हे ते सांगते. त्याने तिथे काही पाहिले का, हे सांगत नाही. शिवाय वेळा काटेकोर पाळल्या की 2 वाजून 10 मिनिटांनी पार्किंग आणि 2 वाजून 25 मिनिटांनी गच्ची हे वेळापत्रक चार रात्रींत चोरालाही पाठ होते, आणि त्यासाठी त्याला रीडर लागत नाही. म्हणून गस्तीच्या वेळा रोज बदलत्या, कोणाला अंदाज न येणाऱ्या असाव्यात, असे सुरक्षाशास्त्र सांगते. वॉचमन आधी नेमका तसाच फिरत असे. ते थांबवण्यासाठीच बटणे बसवलेली असतात.