परवानाधारक

आबांची बंदूक 2024 साली दोनदा पोलीस ठाण्यात राहून आली; एकदा लोकसभेला, एकदा विधानसभेला. आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं जमा करून घेतात आणि बाकीचे परवानाधारक नोटीस आली की कपाळाला आठ्या घालतात. आबा नोटिशीची वाट बघत नाहीत. ‘यादीत माझं नाव राहिलं का काय’ म्हणून तेच चौकशीला जातात. मग लेक सासरी धाडावी तशी तयारी. नळ्या आतून-बाहेरून पुसायच्या, वरून आक्कांचं जुनं लुगडं गुंडाळायचं आणि ठाण्यातून मिळालेली पावती बंडीच्या आतल्या खिशात जपायची. निकाल लागून बंदूक परत आली की ओट्यावर बसून ती उघडायची, दोन्ही नळ्यांतून सिद्धेश्वर धरणाच्या भिंतीकडं बघायचं आणि म्हणायचं, “वाळली जरा.”

आमच्या गावात बारा बोअरची दुनाळी असलेला हा एकच माणूस. निजामाच्या राज्यात आबांच्या आजोबांकडं ठासणीची होती. तिचा उर्दू परवाना चौकटीत घालून भिंतीवर टांगलाय. घरात तो कुणालाच वाचता येत नाही, त्यामुळं त्यात काय लिहिलंय ते आबा दरवेळी नवं सांगतात.

बंदूक घ्यायचं कुणाच्या मनात आलं की तो आधी आबांच्या ओट्यावर येतो. आबांचा पहिला प्रश्न, “कामून?” याचं धड उत्तर फार थोड्यांकडं असतं. एकजण म्हणाला, लग्नात बार काढायला. आबांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. वरातीत असा बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद नाहीतर लाखापर्यंत दंड, ही 2019 च्या दुरुस्तीतली शिक्षा तेवढी सांगितली आणि वर म्हणाले, “त्यापरीस बँड लाव. सस्ता पडतो.” दुसऱ्याला पिस्तूल हवं होतं, सिनेमात बघून. “आखूड नळी लई चंचल,” आबा म्हणाले, “मनगट जराक हललं की तोंड भलतीकडं.” देशी कट्ट्याचं नाव मात्र त्यांच्या ओट्यावर काढायचं नाही. जेल तर आहेच, पण तो हातातच फुटतो, आणि मग अंगठा कुठल्या हाताचा देणार?

खरोखर गरज असलेला कुणी आला तर आबा खुलतात. बंदूक दुकानात बघून घ्यायची नसते, खांद्याला लावून घ्यायची. दस्ता लांब असेल तर उचलताना काखेत अडतो, आखूड असेल तर धक्क्यानं अंगठा नाकावर येतो. शिंपी बाही मोजतो तसं ते माणसाचा हात वितीनं मोजतात. बारा बोअर म्हणजे काय, हे मला त्यांनीच सांगितलं. इतकी वर्षं शाळेत गणित शिकवून मला ते ठाऊक नव्हतं. एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे करायचे. त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोअर. “म्हणजे वीस बोअरची नळी बारापेक्षा बारीक, समजलं का गुर्जी?” तेव्हापासून व्यस्त प्रमाण मी वर्गात बंदुकीवरनंच शिकवतो. पालकांची अजून तक्रार नाही.

हातात बंदूक असलेला माणूस कितीही मोठा असो, आबा त्याला पोरासारखं बोलतात. आधी उघडून दाखव, रिकामी आहे ते. मग बोट घोड्यावरनं काढ. मग बोल. “औंढ्याचं देऊळ फिरलं ते नामदेव महाराजांसाठी फिरलं. नळी फिरायला तेवढं पुण्य लागत नाही, नुसता कोपराचा धक्का पुरतो.” बंदूक दोन महिने कोपऱ्यात राहिली तर बार भरण्याआधी नळीतनं आरपार बघायचंच. कुंभारीण माशी आत मातीचं घर बांधते. छर्रे तिथं अडले की नळी केळीच्या सालीगत सोलून निघते.

ठेवण्याबाबत तर ते सोवळंच पाळतात. चामड्याच्या पिशवीत ठेवायची नाही, चामडं ओल धरतं आणि नळीला गंज चढतो. लुगडंसुद्धा प्रवासापुरतं. शिलाई मशीनच्या तेलाचा पुसट हात फिरवायचा; तेल जास्त झालं तर ते उतरून दस्त्याचं लाकूड खातं. बंदूक लोखंडी कपाटात, काडतुसं वेगळ्या पेटीत. कपाटाची किल्ली आबांच्या गळ्यात, पेटीची आक्कांच्या कमरेला. काडतुसं मोजायची वेळ आली की आक्का आत जाऊन डबा तेवढा आणून देतात. खडकीच्या कारखान्याची ‘शक्तिमान’ काडतुसं, एकूण दहा. बंदुकीबरोबर घेतली तेव्हाही दहाच होती.

नूतनीकरण पूर्वी तीन वर्षांनी व्हायचं, ते 2019 पासून पाच वर्षांनी झालं. सगळ्यांना बरं वाटलं, आबांना नाही. हिंगोलीची एक फेरी कमी झाली. कलेक्टर कचेरीत जायचं म्हणून ते आदल्या दिवशी दाढी करायचे. पॅरिस ऑलिंपिकला स्वप्निल कुसाळेनं रायफलचं ब्राँझ जिंकलं तेव्हा पोरं आबांकडं धावत आली. आबांनी मोबाइलवर तो सगळा सामना पाहिला आणि शेवटी म्हणाले, “नळी कुणाकडं फिरली नाही त्याची. चांगल्या घरचं पोरगं.”

गेल्या हरभऱ्यात रात्री अकराला शेजारचा गडी बोंबलत आला. रानडुकरं शिरली होती.

“आबा, बंदूक काढा!”

“वनखात्याचं पत्र हाय का?”

“डुकरं काय पत्र घेऊन आलीत का? हवेत एक बार तरी!”

“हवेतला छर्रा खाली कुणाच्या डोक्यात पडंल ते मला सांग आधी.”

पण गडी रडकुंडीला आला होता. आबा उठले. पत्र्याचा डबा वाजवून हाकलून लाव तोवर, म्हणून त्याला पुढं पाठवलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आक्कांकडं पेटीची किल्ली मागितली. डबा मी आणून देते म्हणून आक्का जरा अडल्याच. मी कंदील धरून उभा होतो. झाकण उघडलं. वर शेवया. त्याखाली उडदाचे पापड, मग बचत गटाची वही आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गटाचे पैसे. काडतुसांचा डबा तळाशी.

“हे काय गं?”

“मंग कुठं ठेवू? याच्यापरीस बंदोबस्ताची जागा दाखवा गावात. आन उघडलीच हाय तर गटाचे पैसे मोजून द्या. मला आकडा जुळंना.”

आबा चष्मा लावून बसले. पैसे मोजले. काडतुसं मोजली, दहा भरली. शेतात गडी अजून डबा बडवत होता. आबांनी एक पापड उचलला, कानाजवळ नेऊन मोडला. कडकन वाजला.

“दमट नाही,” ते समाधानानं म्हणाले. “काडतुसं झकास असणार.”