पौंडशास्त्री

रेवदंड्यापासून मालवणपर्यंत कुठल्याही जेटीवर संध्याकाळी चारजण गरवायला उभे असले, की त्यातला एक हमखास पाण्याकडे पाठ करून उभा असतो. मासा कुठे उसळला याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. त्याचं लक्ष शेजाऱ्याच्या रीलवर. हा पौंडशास्त्री. नवखा दिसला की तो न विचारता त्याच्या हातातून रॉड घेतो आणि स्पूलवरचं तंगूस अंगठ्याच्या नखानं दाबून बघतो.

"कितीचं भरलंयस?"

"दुकानदारानंच भरून दिलं, काका. वीस पौंड म्हणाला."

"तरीच!"

या 'तरीच'नंतरचा पाऊण तास त्याचा. "रीलवर काय लिहिलंय वाच. २५००. हिला आठ पौंडांचं नायलॉन पुरे. जाड तंगूस एवढ्याशा स्पूलवर बसवलं की त्याला वेटोळ्यांची खोड लागते. फेकलंस की भसाभस गुंडाळ्या सुटणार आणि लूर पडणार तुझ्या पायाशी." नवखा ते खोटं आमिष फेकून बघतो. लूर पायाशी पडते. पौंडशास्त्री चुकत नाही, हीच त्याच्या सहवासातली खरी अडचण आहे. चुकत असता तर लोक केव्हाच उठून गेले असते.

मग ड्रॅगचा, म्हणजे किती ओढ बसली की रीलनं लाइन सोडायची त्याचा, अध्याय. वीस पौंड म्हणजे साधारण नऊ किलो ताणाला तुटणारं तंगूस, पण ड्रॅग ठेवायचा त्याच्या पाव ते तिसरा हिस्सा, कारण गाठ पडली की जोर आधीच कमी होतो. हे तो नुसतं सांगत नाही. विमानाच्या बॅगा तोलायचा काटा त्याच्या खिशात असतो. तो तंगुसाला अडकवून नवख्याला मागे मागे चालायला लावतो आणि स्वतः आकडा वाचतो. तेवढ्यात कुणाला तरी मासा लागतो. तिकडे तो ढुंकूनही बघत नाही. "अजून दोन पावलं," म्हणतो.

त्याच्या मते लाइन निवडणं म्हणजे पत्रिका जुळवणं. रॉडवर छापलेलं असतं आठ ते सतरा पौंड, सात ते अठ्ठावीस ग्रॅम. रीलचं घराणं वेगळं, लूरचा स्वभाव वेगळा. छत्तीस गुण जुळले तरी कुठेतरी मंगळ निघतोच. माशाला मात्र या बैठकीत कुणी बोलावलेलं नसतं.

नायलॉन सोडून ब्रेड, म्हणजे विणलेली लाइन, घ्यावी, हा त्याचा लाडका सिद्धांत. वीस पौंडांची ब्रेड सहा पौंडांच्या नायलॉनइतकीच बारीक, ताणत नाही, लांब जाते. एकदा घरी फोनवर तो "वीस पौंडांची ब्रेड मागवलीय" म्हणाला, तेव्हा बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, खाणारी माणसं दोन!" पण ब्रेड गुळगुळीत स्पूलवर घसरते, म्हणून तळाशी नायलॉनचे थर हवेत. शिवाय ती दगडाला घासली की संपली, म्हणून पुढे जाड तंगुसाचा तुकडा, म्हणजे लीडर, हवा. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाला धार असते आणि तांब लागला की सरळ कपारीत शिरतो. हेही खरंच.

लीडरची गाठ मारताना मात्र त्याला बघावं. ब्रेडचं टोक दातात, दुसरं टोक रॉडला ताणलेलं, कपाळावर बॅटरी. एक वेढा वरून, एक खालून, असे वीसेक वेढे, प्रत्येक वेढा नखानं शेजारच्याला भिडवलेला. मग गाठ थुंकीनं ओली करून तो ती सावकाश आवळतो. एवढी देखणी गाठ मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. ती रॉडच्या कडीतून अडखळल्याशिवाय जाते. पाण्यात जाण्याचा योग तिला क्वचितच येतो, कारण तोवर वारा फिरलेला असतो, आणि वाऱ्यासाठी याच्या पिशवीत वेगळी स्पूल असते. खडकासाठी वेगळी. खाडीच्या मुखासाठी आणखी वेगळी. भरती चढून मासा काठाशी येतो, तेव्हा हा मांडी घालून स्पूल बदलत असतो.

"काका, आज काय लागलं?"

"आज टेस्टिंग होतं."

कंजूष मात्र तो अजिबात नाही. नवख्याची स्पूल तो स्वतःच्या ब्रेडनं भरून देतो, काठापासून दोन-तीन मिलिमीटर सोडून, आणि पैसे घेत नाही. त्या रीलवर पुढच्या आठवड्यात मासा निघाला, तर फोटोत माशापेक्षा गाठ नीट दिसायला हवी, एवढीच त्याची अट.

तेव्हा नवी रील घेतली असेल तर त्याला अवश्य विचारा, पण ओहोटीत विचारा. २५०० च्या रीलला पंधरा पौंडांची ब्रेड, तळाशी नायलॉन, पुढे दोन हात लीडर, ड्रॅग दोन किलो. एवढं कानावर पडलं की आभार माना आणि पलीकडचा खडक गाठा. त्याच्या खिशातून काटा बाहेर यायच्या आत.