जुना डिजिटल कॅमेरा लिलावात काढण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

ही नियमावली कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या निवृत्त लग्न-फोटोग्राफरांसाठी आहे. त्यातही आमच्या काकांसाठी. ते वाचणार नाहीत, त्यांना ऐकवावी लागेल.

नियम पहिला. लायकाची बातमी विसरावी. २०२२ साली जर्मनीत वेत्झलारला १९२३ चा एक लायका १ कोटी ४४ लाख युरोंना गेला, हे खरे. पण तो लायकाचे जनक ऑस्कर बार्नाक यांचा स्वतःचा होता, त्या मालिकेतले जेमतेम दोन डझन बनले होते, आणि त्यात बॅटरी लागत नाही. काकांच्या निकॉन डी-वनची बॅटरी मेली की कॅमेराही मेला.

नियम दुसरा. वंशावळ तपासावी. काका छातीठोक सांगतात, जगातला पहिला डिजिटल माझ्याकडे. अहो, डी-वन १९९९ चा! कोडॅकने १९९१ मध्येच डीसीएस आणला होता. निकॉन एफ-थ्रीच्या अंगात १३ लाख पिक्सेलचा सेन्सर, आणि फोटो साठवायला खांद्याला लटकवायची वेगळी पेटी, तीत २०० एमबीची हार्ड डिस्क. किंमत वीस हजार डॉलरच्या घरात, विकले गेले हजाराच्या आत. संग्राहक झुरतो तो याच्यासाठी, तेही पेटी, केबल, चार्जर सगळे जागेवर असेल तर. डी-वन २७ लाख पिक्सेलचा, कोडॅकपेक्षा बराच स्वस्त. वर्तमानपत्रवाल्यांनी फिल्म सोडली ती त्याच्या जोरावर. तो बऱ्याच फोटोग्राफरांच्या हाती पोचला, हेच त्याचे कर्तृत्व आणि भाव न येण्याचे कारणही हेच.

नियम तिसरा. बुरशीचा बंदोबस्त. कर्जतच्या पावसात भिंतीला शेवाळ धरते, तिथे लेन्सची काय कथा! तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवू नये, पीठ आत जाते. जुन्या स्टुडिओवाल्यांची लाकडी कपाटात झिरोचा बल्ब पेटता ठेवण्याची युक्ती उत्तम. काकांनी हे मला शिकवले, आणि त्यांच्याच कपाटातला बल्ब गेल्या पावसाळ्यापासून उडालेला आहे. सांगायचे कुणी?

नियम चौथा. रबर चिकट झाले असेल तर स्पिरिटचा बोळा हलक्या हाताने फिरवावा. घासू नये.

नियम पाचवा. पूर्वेतिहास लिहून काढावा. लिलावात याला फार महत्त्व असते. कॅमेरा कुणाचा, कुठे वापरला, कागद आहे का. काकांकडे कागद नाही, पण डायलच्या खाचेत हळद आहे. नेरळपासून खोपोलीपर्यंत किती नवरदेवांची असेल, देव जाणे. डीजे दणाणत असताना, करवल्या अंगावर हळद फेकत असताना हा माणूस स्टुलावर उभा राहून नवरीच्या आईच्या डोळ्यांतले पाणी नेमके टिपायचा. ही हळद कोरून काढू नये. भाव वाढणार नाही, तरीही काढू नये.

नियम सहावा. तपासणीसाठी कर्जतहून फास्ट लोकल पकडून फोर्टात बोरा बाजार गाठावा. तिथला कारागीर पहिल्यांदा विचारेल, ‘चार्जर कुठाय?’

नियम सातवा. राखीव किंमत वास्तव असावी. काकांनी ठरवलेल्या किमतीत मूळ खरेदी, पतपेढीच्या कर्जाचे व्याज आणि काकूंनी त्यावरून ऐकवलेल्या बोलण्यांची भरपाई धरलेली आहे. तेवढ्यात कशेळ्याला गुंठाभर जागा येईल.

चार्जर माळ्यावर आहे म्हणतात. माळा दिवाळीला निघतो. गेल्या दिवाळीलाही निघणारच होता.